सलीम अलींचे पक्षी आणि शिवडीचा चिखल

शिवडीच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरले की वर्तमानपत्रांत त्यांची गुलाबी छायाचित्रं छापून येतात आणि सोबतच्या मजकुरात कुठे ना कुठे डॉ. सलीम अलींचं नाव येतंच. मुंबईकराच्या मनात पक्षी आणि सलीम अली ही जोडगोळी इतकी पक्की बसली आहे. गंमत अशी की शिवडीचं हे वैभव त्यांच्या वाट्याला आलंच नाही. ते गेले जून १९८७ मध्ये, नव्वदी ओलांडून. शिवडी-माहुलच्या दलदलीत हजारोंच्या संख्येनं रोहित दिसू लागले ते त्यानंतर, नव्वदच्या दशकात. लहानपण ज्यांनी इथून अर्ध्या तासावरच्या खेतवाडीत काढलं, त्यांना रोहितांचा मेळा पाहायला कच्छच्या रणात उंटावर बसून जावं लागलं होतं.

मी पक्षितज्ज्ञ नव्हे, रसायनशास्त्रज्ञ तर नव्हेच. उमेदीची वर्षं बँकेत आकडे ताडून पाहण्यात गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. पण गेली काही वर्षं सलीम अलींच्या आयुष्याबद्दल मिळेल ते वाचत असताना एक गोष्ट वारंवार नजरेत भरली. पक्ष्यांमागे हिंडलेल्या या माणसाच्या आयुष्यात वळणावळणावर धातू भेटतात. कधी खाणीत, कधी संग्रहालयाच्या कपाटात, कधी तळ्याच्या तळाशी. शिवडीच्या रोहितांच्या पायाखाली जो काळा चिखल आहे, त्यातही धातूच आहेत. पारा, शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त, क्रोमियम. ठाण्याच्या खाडीचा गाळ तपासणाऱ्यांनी ही नावं पुन्हा पुन्हा नोंदवली आहेत. वरचा गुलाबी थवा आणि खालचा काळा चिखल यांचा एकमेकांशी काय संबंध, हे समजून घ्यायला सलीम अलींचं आयुष्य मला फार उपयोगी पडलं. म्हणून ते आज त्या वाटेनं सांगतो.

खेतवाडीचं घर

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. भावंडांतलं हे शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी ही सगळी पोरकी भावंडं गिरगावात खेतवाडीच्या आपल्या घरी वाढवली. दुसरे एक नातलग, अब्बास तय्यबजी, पुढे स्वातंत्र्यलढ्यात नावाजले. घर सुसंस्कृत आणि माणसांनी भरलेलं. पुरुषमंडळींना शिकारीची हौस. छोट्या सलीमच्या हातीही एक खेळण्यातली एअरगन आली आणि चिमण्या टिपणं हा त्याचा उद्योग झाला.

१९०८ च्या सुमारास एक चिमणी अशीच खाली पडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नाही, एवढं मुलाच्या लक्षात आलं. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं बिऱ्हाड तेव्हा फोर्टात होतं. मामांनी चिठ्ठी दिली आणि मुलगा मेलेली चिमणी घेऊन सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यासमोर उभा राहिला. मिलार्डसाहेबांनी त्याला हाकलून दिलं नाही. चिमणीची जात ओळखून सांगितली, मग कपाटांचे खण एकेक करून उघडून दाखवले. खणांत ओळीनं निजवलेले शेकडो पक्षी, प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, नर की मादी, कुणी मिळवला. हे खण मुलाच्या मनातून पुढे कधीच गेले नाहीत. या लेखातही ते आपल्याला पुन्हा लागणार आहेत.

वुल्फ्रॅमची खाण आणि हिशेबाची वही

सेंट झेवियर्स कॉलेजचं पहिलं वर्ष काही सलीमला मानवलं नाही. शिक्षण अर्धवट टाकून तो ब्रह्मदेशात तव्हॉय इथे गेला. तिथे कुटुंबाचा वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. वुल्फ्रॅम म्हणजे ज्यातून टंगस्टन मिळतं ते खनिज. विजेच्या दिव्यातली तार टंगस्टनची आणि तोफांच्या पोलादातही टंगस्टन. पहिलं महायुद्ध पेटलेलं असल्यामुळे या जड धातूला मोठी मागणी होती.

खाणीचं काम कुठेही सारखंच असतं. दगड फोडायचा, कुटायचा, पाण्यानं धुऊन जड खनिज वेगळं करायचं आणि गढूळ पाणी उताराला सोडून द्यायचं. शतकानुशतकं डोंगरात कुलूपबंद असलेला धातू असा ओढ्याच्या स्वाधीन होतो. लाकूड कुजतं, मेलेलं जनावर कुजतं, अगदी सांडपाण्यातली घाणही सूर्य, हवा आणि जिवाणू मिळून कालांतरानं पचवतात. धातू मात्र कुजत नाही. तो ओढ्यातून नदीत, नदीतून खाडीत जातो आणि गाळात बसून राहतो. जड धातूंच्या प्रदूषणाचं सगळं दुखणं या एका गोष्टीत आहे.

तरुण सलीमचं चित्त खाणीत नव्हतं. भोवतालच्या जंगलात पक्षी होते आणि त्यांच्यामागे दिवस कसा सरतो ते कळत नव्हतं. धंद्यात बस्तान काही बसलं नाही. १९१७ साली ते मुंबईला परतले आणि दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र शिकू लागले. माझ्यासारख्या बँकवाल्याला या माहितीनं उगाचच आनंद होतो. सेंट झेवियर्समधल्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा खरा कल ओळखला आणि त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवलं. पण दिवसाच्या नोंदी त्या दिवशीच लिहायच्या, हा हिशेबनिसाचा नेम सलीम अलींनी जन्मभर पाळला. १९१८ च्या डिसेंबरात त्यांचं तेहमिना यांच्याशी लग्न झालं. नवऱ्याचा जीव कशात आहे ते ओळखून त्याच्या भटक्या संसाराला हौसेनं साथ देणारी ही बाई. तिच्याशिवाय पुढचे सलीम अली घडले नसते.

सोमल लावलेले पक्षी

पदवी नाही म्हणून सरकारी खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, निसर्गविभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. परत येऊन पाहतात तो पैशाच्या टंचाईपायी जागाच रद्द झालेली.

या वर्षांत पक्ष्यांची कातडी जतन करण्याची विद्या त्यांच्या हातात पक्की बसली. आतलं मांस काढून टाकायचं, कातड्याला आतून सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, साबण फासायचा, कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. किडीनं पक्षी खाऊ नये म्हणून त्या काळी जगभर हीच रीत होती. कुठे कुठे पाऱ्याचा क्षारही वापरत. आर्सेनिक शास्त्रीय काटेकोरपणानं पाहिलं तर पुरता धातू नव्हे, पण विषाच्या यादीत शिसं, पारा, कॅडमियम यांच्या पंगतीलाच त्याचं पान मांडलेलं असतं. विषानं राखलेले हे पक्षी पुढे विषाचेच साक्षीदार ठरणार होते, पण ती गोष्ट थोडी पुढे.

नोकरी गेल्यावर सलीम आणि तेहमिना अलिबागजवळ किहीमला, तिच्या माहेरच्या घरी राहायला गेले. अंगणात सुगरणींची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून सलीम अली तासन् तास तिथे बसत. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन पारखून घेते, पसंत पडलं तर मुक्काम करते, मग नर शेजारी दुसरं घरटं सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हा सुगरणींचा संसार त्यांनी नीट मांडला. १९३१ साली तो निबंध छापून आला आणि पक्ष्याच्या वागण्याचा अभ्यास कसा करावा याचा आपल्याकडे वस्तुपाठ मिळाला.

इथे थोडं थांबून एक सांगितलं पाहिजे. धातूंचं विष जलचरांना आणि पाण्यावर जगणाऱ्या पक्ष्यांना दर वेळी एकदम मारत नाही. आधी वागणं बिघडतं. तांब्यानं माशाचा वास घेण्याचा गुण मंदावतो, मग त्याला भक्ष्य कळत नाही आणि शत्रूही कळत नाही. कॅडमियम कल्ल्यांतून शिरतं आणि शरीराला हवं असलेलं कॅल्शियम आत येऊ देत नाही. नुकत्या अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लांना त्याचा फटका सगळ्यांत मोठा. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांवर लून नावाचा मासेखाऊ पक्षी आहे. ज्या लूनांच्या अंगात पारा जास्त, ते अंडी उबवायला कमी वेळ बसतात आणि त्यांची पिल्लंही कमी जगतात, असं अभ्यासकांना आढळलं. घरट्यापाशी घड्याळ लावून बसल्याशिवाय अशी गोष्ट हाती लागत नाही.

भरतपूरच्या पाण्यातलं शिसं

१९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. सलीम अली त्यानंतर वांद्र्याच्या पाली हिलवर बहीण-मेव्हण्यांकडे राहिले आणि सगळं आयुष्य कामाला देऊन टाकलं. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ साली आलं आणि घरोघरी गेलं. संस्थानांची एकामागून एक पक्षिसर्वेक्षणं त्यांनी केली. १९४५ मध्ये ते कच्छच्या मोठ्या रणात रोहितांच्या वसाहतीत पोचले. खारट चिखलाचे छोटे छोटे उंचवटे, प्रत्येकावर एक घरटं आणि पक्षी लाखांच्या हिशेबात. रोहितांच्या वंशाला कसा चिखल लागतो, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

भरतपूरचा घना त्यांचा लाडका. तिथे संस्थानिकांच्या काळात बदकांची शिकार होई. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. हा आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. योगायोग असा, की त्या दिवशी सलीम अलींना बेचाळीस वर्षं पूर्ण होत होती.

मेलेल्या पक्ष्यांचा आकडा दगडावर आला, पण झाडलेल्या शिशाचा हिशेब कुणी कोरला नाही. बारा बोअरच्या एका काडतुसात दोनशेहून अधिक छर्रे असतात. पक्ष्याला लागतात मोजके, बाकीचे पाण्यात पडतात. बदकाला दात नसतात. दाणे दळायला ते बारीक खडे गिळतं आणि पोटातल्या जात्यासारख्या पिशवीत साठवतं. तळाशी पडलेला छर्रा त्याला खड्यासारखाच वाटतो. जात्यात शिसं झिजतं आणि रक्तात उतरतं. मग ती पिशवीच लुळी पडते, पंख ओघळतात आणि भोवताली चारा असताना बदक उपाशी मरतं. शिकाऱ्याच्या नेमातून सुटलेलं बदक त्याच्या शिशातून सुटत नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच हे लोकांच्या ध्यानात आलं होतं, पण तिथेही पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर देशभर बंदी यायला १९९१ साल उजाडलं.

स्वातंत्र्यानंतर भरतपूरच्या तळ्यांचं पाणी काढून तिथे शेती करावी असा रेटा आला. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत धाव घेतली आणि तळी वाचली. पुढे शिकारही थांबली आणि १९८२ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. पक्षी वाचवायचा तर त्याचं पाणी आणि त्याचा चिखल वाचवला पाहिजे, हे त्यांनी व्याख्यानांतून सांगितलंच, शिवाय एक अख्खं तळं वाचवून दाखवलं.

पिसाचं पासबुक

सलीम अलींना मोटारसायकलचं भारी वेड. १९५० साली स्वीडनमधल्या उप्सालाला पक्षितज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद होती. या गृहस्थांनी आपली सनबीम मुंबईहून बोटीत चढवली आणि युरोपभर फिरवली. तेव्हा वय त्रेपन्न.

त्याच स्वीडनमध्ये पुढच्या काही वर्षांत रानातले पक्षी मरून पडू लागले. शेतकरी पेरणीच्या बियाण्याला पाऱ्याचं औषध चोळत. बी पाखरांनी खाल्लं, पाखरं शिकारी पक्ष्यांनी खाल्ली. पण पारा पूर्वीपासून नव्हताच, याला पुरावा काय? तिथल्या शास्त्रज्ञांना संग्रहालयाचे खण आठवले. पीस वाढत असतं तेव्हा रक्तातला पारा त्यात उतरतो आणि घट्ट बसतो. पीस पूर्ण वाढलं की रक्ताशी त्याचा संबंध तुटतो, नोंद कायम राहते. त्यांनी शंभर वर्षांतल्या गॉसहॉक या शिकारी पक्ष्याची पिसं तपासली. १९४० पर्यंत पारा जवळपास सारखाच होता, त्यानंतर एकदम चढला. मासे खाऊन जगणाऱ्या ऑस्प्रेच्या पिसांत मात्र चढ सावकाश होता आणि जुना होता. कारखान्यांचा पारा पाण्यात आधीपासूनच जात होता. १९६६ मध्ये स्वीडननं ते बियाण्याचं औषध बंद केलं.

बँकेत आम्ही कुणाच्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवत नसू, पासबुक मागत असू. पक्ष्याचं पीस हे असंच पासबुक आहे, आणि चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण लिहिलेलं असेल तरच त्याला किंमत. संग्रहालयात चोळलेल्या पाऱ्यानं आणि सोमलानं नोंदी खराब होतात, हे खरं. त्यावरही तोड निघाली आहे. जिवंतपणी अन्नातून आलेला पारा मेथिल पारा या रूपात असतो, तेवढाच वेगळा मोजायचा. प्रशांत महासागरातल्या अल्बट्रॉस पक्ष्यांच्या एकशेवीस वर्षांतल्या पिसांवर २०११ साली हेच केलं गेलं आणि पारा वाढत गेल्याचं दिसलं. मिलार्डसाहेबांनी एका मुलासाठी उघडलेल्या खणांचा असाही उपयोग होईल, हे १९०८ साली कुणाच्या स्वप्नातही नसणार.

खाडीत काय चाललं आहे

आता आपल्या खाडीकडे येऊ. ट्रॉम्बेच्या बाजूला पन्नासच्या दशकात तेलशुद्धी आणि रसायनं आली, ठाणे-बेलापूर पट्ट्यात साठच्या दशकापासून कारखान्यांची रांग लागली. दारूखान्यात जुनी जहाजं तोडली जात. जहाजाच्या रंगात शिसं आणि तांबं असतं. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या रंगखात्यांचं पाणी होतंच. पेट्रोलमध्ये २००० सालापर्यंत शिसं मिसळलेलं होतं आणि रस्त्यावर बसलेलं ते शिसं पहिल्या पावसात गटारातून समुद्रात जाई.

माझी काही वर्षं लालबागच्या बाजूच्या एका शाखेत गेली. गाळ्यांमधून क्रोमियम, निकेल, जस्ताचा मुलामा देणारे छोटे कारखानदार आमचे खातेदार. मालतपासणीला गेलं की ॲसिडचे कॅन, धातूच्या पट्ट्या, तयार माल सगळं मोजून लिहायचं. हिरवट पिवळं पाणी मोरीतून बाहेर जाताना दिसे. त्या पाण्यातही त्यांचाच धातू होता, त्यांच्याच पैशाचा, पण मालाच्या कुठल्याच तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

तो धातू खाडीत पोचतो तेव्हा बराचसा गाळाला चिकटून तळाशी बसतो. तिवरांची मुळं गाळ अडवतात, त्याबरोबर धातूही अडवतात. तळाच्या चिखलात प्राणवायू नसतो, गंधक असतो. गंधकाशी जोडी जमली की शिसं, कॅडमियम, तांबं निद्रिस्त पडून राहतात. चिखल उपसला, खणला, हवेला उघडा पडला की ती जोडी फुटते आणि धातू पुन्हा पाण्यात येतात. पाऱ्याचं तर आणखी विपरीत. प्राणवायू नसलेल्या चिखलातले जिवाणू त्याचाच मेथिल पारा करतात. तो शेवाळात शिरतो, शेवाळ खाणाऱ्या बारीक जिवांत जातो, तिथून लहान मासा, मोठा मासा. प्रत्येक पायरीवर प्रमाण वाढतं. मोठ्या शिकारी माशात पोचेपर्यंत ते पाण्यातल्या प्रमाणाच्या लाखो पट होऊ शकतं.

जपानमधल्या मिनामाता गावानं हे भोगलं. कारखान्याचा पारा उपसागरात जात होता. आधी मांजरं झटके येऊन नाचल्यासारखी करू लागली, कावळे उडता उडता पडले, मग १९५६ मध्ये माणसांचा रोग म्हणून त्याची नोंद झाली. कारण सरकारनं मान्य केलं १९६८ साली. मधल्या बारा वर्षांत गाव मासे खात राहिलं. आपल्याकडे आंबिवलीजवळच्या काळू नदीत आणि तिच्या काठच्या वनस्पतींत पारा आणि शिसं असल्याचं मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं होतं. ही संस्था सलीम अलींच्या जुन्या म्युझियमच्या शेजारचीच.

खाडीत सगळ्यांत जास्त भोगतात ते जागा न सोडणारे जीव. तिसऱ्या आणि कालवं दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळून घेतात आणि त्यातला धातू अंगात ठेवून घेतात. तांबं फार झालं की कालवं चक्क हिरवी पडतात. निवट्या त्याच चिखलात बिळं करून राहतात, चिंबोऱ्या त्याच चिखलातलं खातात. मुंबईचा मासा सोडा, असं मी म्हणत नाही. दादरच्या बाजारातून मांदेली आणि बोंबील आमच्याकडेही येतात. लहान, अल्पायुषी मासे पाऱ्याच्या बाबतीत मोठ्या शिकारी माशांपेक्षा बरेच बिनधोक असतात. मुशीसारखे मोठे मासे गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी बेतानं खावेत, हे जगभरचे डॉक्टर सांगतात. पण कारखान्यांच्या तोंडाशी धरलेल्या तिसऱ्या कुठल्या, हे गिऱ्हाइकाला कळायला काही मार्ग हवा. आणि पोटासाठी त्या वेचणाऱ्या कोळणींना ते सगळ्यांच्या आधी कळायला हवं.

मग एवढ्या चिखलात रोहित का येतात? शिवडीला येणारे बहुतेक लहान रोहित. त्यांचं मुख्य अन्न शेवाळ. शहराच्या सांडपाण्यातल्या खतानं शेवाळ फोफावलं आणि थवे आले, असा अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे आपल्या घाणीनंच त्यांना आवतण दिलं. भरलेल्या खानावळीत अन्न भरपूर आहे एवढंच सिद्ध होतं, ते शुद्ध आहे हे नाही. केनियातल्या सरोवरांवर १९९० च्या दशकात लहान रोहित हजारोंनी मेले, तेव्हा संशयितांत शेवाळातल्या विषाबरोबर जड धातूंचंही नाव होतं.

२०१५ साली ठाणे खाडीत रोहितांचं अभयारण्य झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. सोसायटीच्या मोजणीत रोहितांचा आकडा लाखाच्या वर गेला. २०२४ च्या जानेवारीपासून शिवडीहून अटल सेतूवर गाड्या धावतात आणि खिडकीतून खाडी दिसते. यातली प्रत्येक गोष्ट आनंदाची आहे. मला एवढंच वाटतं, की थवा जितक्या हौसेनं मोजला जातो तितक्याच नेमानं त्याच ठिकाणचा चिखल, तिसऱ्या आणि पिसं तपासली जावीत आणि आकडे दरवर्षी साध्या मराठीत लोकांपुढे यावेत, पावसाचे आणि धरणांतल्या पाणीसाठ्याचे येतात तसे. आरंभीची शिल्लक शोधायला लांब जायला नको. फोर्टातल्या हॉर्नबिल हाऊसमध्ये सोसायटीच्या खणांत पक्ष्यांची हजारो कातडी तारीखवार निजली आहेत. त्यांत कारखाने येण्याआधीचे पक्षी आहेत, सलीम अलींनी स्वतः चिठ्ठी बांधलेलेही आहेत.

सलीम अलींना पद्मविभूषण मिळालं, ते राज्यसभेवर गेले, डिलन रिप्ले यांच्यासोबत भारतीय पक्ष्यांचे दहा खंड त्यांनी पुरे केले. ही सगळी मोठी कामं. पण त्यांचं रोजचं काम अगदी लहान होतं. जे दिसलं ते, जिथे दिसलं तिथलं, त्याच दिवशी लिहून ठेवायचं. आज परवानगी असलेल्या एखाद्या अभ्यासकानं माहुलच्या चिखलातून गळालेलं एक पीस उचललं, पाकिटात घातलं आणि वर तारीख, ठिकाण लिहून खणात ठेवलं, तर शंभर वर्षांनी कुणीतरी ते काढून पाहील. आपल्या पिढीनं खाडीत काय सोडलं आणि कधी थांबवलं, हे त्यात लिहिलेलं असेल.